जांभळा अंगठा

भिमाजीच्या घराचं दार भर दिवसा आतून लागायला लागलं, तेव्हाच हौशीरामला वाटलं, इथं काहीतरी शिजतंय.

मळवली स्टेशन ओलांडून भातखाचरांच्या कडेनं आत गेलं की त्यांची वाडी लागते. वाडीत दिवसा दार लावायची रीत नव्हती. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर आडवी फळी टाकायची. आणि भिमाजीच्या घरात लपवण्यासारखं होतं तरी काय? पावसाळ्याच्या तोंडावर तो गोठ्याचे पत्रे बसवायला वर चढला, पाय घसरून पाठीवर पडला आणि कमरेखाली लुळा झाला. पुण्याच्या दवाखान्यातून माघारी आला तो खाटेवरच. घरात तो आणि त्याची बायको शालूबाई. मूलबाळ नाही.

हौशीराम त्याचा चुलतभाऊ. घरं समोरासमोर, मधे निरगुडीचं कुंपण. पण बांधावरून भांडण झालं तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. भांडणात आधी कोण काय म्हणालं हेही आता कुणाला धड आठवत नव्हतं, तरी बोलणं नव्हतं. भिमाजी पडला त्या दिवशी त्याला टेम्पोत घालायला हौशीरामनं हात लावला, तेवढाच. त्यानंतर तो त्या घरात गेला नव्हता.

आता भात कापून, झोडून झालं होतं. सकाळी हौशीराम ओट्यावर उन्हाला बसायचा, आणि बसलं की समोरचं दार दिसायचंच.

रोज सकाळी त्या दारात रतनबाई साळवे यायची. वाडीच्या टोकाला मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे, तिथं ती आणि तिचा नवरा शांतवन राखणीला होते. दोघं मूळची देहूरोडची. शांतवन लष्कराच्या डेपोतून रिटायर झालेला, बाई तिकडंच एका दवाखान्यात वॉर्डात आया होती. ख्रिस्ती माणसं. वाडीतली पोरं त्या बंगल्याच्या कामाकडं डोळे लावून बसलेली असताना शेठनं ही जोडी बाहेरून आणली, म्हणून वाडीचा त्यांच्यावर आधीच राग होता.

बाईच्या हातात कापडी पिशवी असायची. ती आत गेली की दार लागायचं, खिडकीची झडपही ओढून घेतली जायची. बऱ्याच वेळानं ती बाहेर यायची ती फडक्यानं झाकलेली बादली घेऊन. बादली ओढ्याकडं जायची आणि रिकामी होऊन परत यायची. उघडल्या दारातून क्षणभर कसलातरी उग्र वास यायचा.

"काय नेती झाकून?" हौशीरामनं बायकोला विचारलं.

नंदाबाई कुंपणापाशी जाऊन शालूबाईला विचारून आली. "काय धड सांगंना बगा. म्हनली, ह्यांचं करती. म्हनलं, काय करती? तर मान खाली घालून आत गेली."

"मान खाली घालायचं काय कारण?"

"तेच म्हनते मी."

मग एक दिवस लोणावळ्याकडून एक गाडी आली. हातात बॅग घेतलेला, शर्ट इन केलेला माणूस उतरला. रतनबाईनं त्याला आत नेलं, दार लागलं. हौशीराम उठून कुंपणापर्यंत गेला. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा भिमाजी मोठ्यानं कण्हला. तासाभरानं तो माणूस निघून गेला.

"वकील असंल," नंदाबाई म्हणाली.

हौशीरामच्याही मनात तेच आलं होतं. भिमाजीचं खाचर डांबरी रस्त्याला लागून होतं. दोन्ही बाजूंना बंगले उठले होते. पुढं ती जमीन कुणाकडं जायची हे वाडीत कुणी बोलत नसे, पण भिमाजीला मूल नाही आणि जवळचा भाऊबंद हौशीरामच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याला त्या जमिनीचं काही नाही, असं हौशीराम स्वतःला सांगायचा. मात्र रस्त्यानं जाताना त्याची नजर त्या खाचरावरून एकदा फिरल्याशिवाय राहत नसे.

चार दिवसांनी नंदाबाई पाण्याची कळशी तशीच उंबऱ्यावर टेकवून त्याच्याजवळ आली.

"शालूचा अंगठा जांभळा हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "नळावर बगितला म्या. घासत हुती दगडावर, निघंना."

"अंगठा?"

"व्हय. आन मी बगितलं तसा पदरात झाकला."

त्या दिवशी हौशीरामला जेवण गेलं नाही. सही येत नाही त्याचा अंगठा घेतात, आणि अंगठ्याला लावायची शाई जांभळीच असते. सही ना भिमाजीला येत होती, ना शालूबाईला.

संध्याकाळी तो संदेशकडं गेला. संदेश वाडीतलाच, पण लोणावळ्यात प्लॉटच्या खरेदीविक्रीची मध्यस्थी करायचा आणि पांढऱ्या गाडीतून फिरायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तात्या, तुमी लय उशिरा जागं झाला," तो म्हणाला. "ही लोकं अशीच घुसत्यात. आदी सेवा, मंग प्रार्थना, मंग नाव बदलायचं आन शेवटी जागा. उद्या भिमाजीआबाच्या खाचरात प्रार्थनेचा हॉल उबा राह्यला तर बोलू नका."

"तू बगितलंयस कुटं असं?"

"ऐकलंय की."

हौशीरामला तेवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं माणसं जमली. पोलीसपाटील जानूभाऊ मधे बसले. रतनबाईला बोलावणं गेलं तेव्हा ती बंगल्यात भांडी घासत होती. ओले हात पदराला पुसतच ती आली. साठीची, आडव्या बांध्याची बाई. शांतवन तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"बाई, तुमी भिमाजीकडं रोज जाता," जानूभाऊ म्हणाले.

"हो, जाते."

"कशाला?"

"त्यांना जखमा झाल्यात. पडून पडून पाठ, बैठक सडायला लागली होती. ते धुवून औषध लावते, कूस बदलते."

"तुमाला कुनी बोलवलं?"

"कुणीच नाही. शालूताई ओढ्यावर रडत होत्या. मी विचारलं, तर आधी काही सांगेनात. मग सांगितलं."

"दार का लावता?" हे हौशीरामनं विचारलं.

रतनबाईनं त्याच्याकडं बघितलं. "त्यांना पूर्ण उघडं करावं लागतं, भाऊ. दार उघडं ठेवलं तर समोरच्या ओट्यावरून सगळं दिसतं. भिमाजीभाऊंनीच सांगितलं, दार लावा."

दोघातिघांनी हौशीरामकडं बघितलं. त्यानं पुन्हा विचारलं, "आन तो बॅगवाला?"

"डॉक्टर. सरकारी दवाखान्यातले. लय विनवण्या करून आणलं त्यांना. मेलेलं मांस त्यांनी काढलं, ते माझं काम नाही."

"तितं प्रार्थना करता का?" मागून संदेश म्हणाला.

इतका वेळ सरळ बोलणारी बाई थोडी थांबली. मग म्हणाली, "करते. हात धुताना मनात करते. एकदा भिमाजीभाऊंनी विचारलं काय पुटपुटता, तर मोठ्यानं म्हणून दाखवली."

माणसांत कुजबुज झाली. "बगा," संदेश म्हणाला, "सवताच कबूल करतीया."

"कबूल करायला मी चोरी केली नाही," रतनबाई म्हणाली.

जानूभाऊंनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांना भांडण नको होतं आणि पोलीसही नको होते. त्यांनी निवाडा दिला तो दोन्हीकडून सोयीचा. बाईनं भिमाजीच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही. शालूबाईला काही लागलं तर भावकी बघेल.

रतनबाईनं मान डोलावली. "ठीक आहे. पण उद्या सकाळी त्यांना कोण वळवणार? शालूताईंच्यानं एकटीनं होत नाही. दोन दिवस एका अंगावर राहिले तर होतं तेवढं सगळं वाया जाईल."

देवळामागं कुणाचीतरी शेळी ओरडत होती.

"हौशीरामभाऊ, तुम्ही त्यांचे भाऊ ना?" ती म्हणाली. "मग तुम्ही या. मी अंगणात उभी राहीन, उंबरा ओलांडणार नाही. तिथूनच सांगेन कसं करायचं ते."

हौशीरामची मान नकळत हलली. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"व्हय, तेच बरं," जानूभाऊ म्हणाले आणि उठले.

घरी येताना हौशीराम धुमसत होता. बाईनं आपल्याला बरोबर अडकवलं, असं त्याला वाटलं. उद्या भिमाजीचं काही बरंवाईट झालं तर आळ आपल्यावर. हाच तिचा डाव असणार.

सकाळी तो गेला. इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्यातून आत जाताना त्याला खाली वाकावं लागलं, चौकट इतकी बुटकी आहे हे तो विसरला होता. आत अंधार होता आणि तो वास होता. औषधाचा उग्र वास वरवरचा, त्याच्याखाली दुसरा. भिमाजीनं त्याला बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"झडप थोडं उघडा, भाऊ," बाहेरून रतनबाईचा आवाज आला. "मी पाठ करून उभी आहे. शालूताई, पाणी उकळून निवलंय का? मीठ टाकलंय? आता हौशीरामभाऊ, त्यांच्या खांद्याला आणि कमरेला धरून तुमच्याकडं वळवा. ओढायचं नाही, कातडी सोलवटते. ओंडक्यासारखं अख्खं वळवायचं."

त्यानं भिमाजीच्या खांद्याखाली हात घातला. लहानपणी या माणसानं त्याला पाठुंगळी घेऊन विसापूरच्या डोंगरावर नेलं होतं. आता तो हाताला एखाद्या वाळल्या फांदीसारखा लागला. शालूबाईनं कपडा बाजूला केला, आणि हौशीरामला माकडहाडावरचा तो खड्डा दिसला. त्यात लिंबू बसलं असतं.

तो बाहेर धावला आणि घरामागं जाऊन ओकला. तोंड धुवून परत येताना त्याला वाटलं, बाई आता काहीतरी बोलेल. ती विसापूरकडं तोंड करून उभी होती.

"पहिल्या दिवशी मी पण ओकले होते," ती म्हणाली. "वॉर्डात इतकी वर्षं काढली, तरी. जा आत."

तो गेला.

"आता आतलं मांस बघा. काळं आहे का, पिवळं, का लाल?"

"तांबडं हाय. कडंला जरा पिवळं."

"तांबडं म्हणजे चांगलं. ते जिवंत आहे. पाणी ओता, घासायचं नाही. स्वच्छ फडकं नुसतं टेकवा. मग जाळीची पट्टी ओली करून खड्ड्यात ठेवा, कोंबायची नाही. जांघेत ओल राहून कातडी सोलवटलीय, तिथं बाटलीतलं जांभळं औषध लावा. कापूस नसेल तर बोटानंच लावा."

हौशीरामनं बाटली उघडली. बाटली जरा जास्तच कलली, औषध अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळलं. घाणेरड्या चिंध्या बादलीत पडल्या. शालूबाई त्यावर फडकं झाकून ओढ्याकडं निघाली.

सगळं होईपर्यंत भिमाजीनं तोंड भिंतीकडंच ठेवलं.

घरी आल्यावर नंदाबाईनं चहाचा पेला पुढं केला आणि ती थांबली. "अवो, तुमचा बी अंगठा..."

हौशीरामनं अंगठ्याकडं बघितलं. त्यानं साबण लावला, राख लावली, दगडावर घासला. जांभळा रंग तसाच राहिला. नंदाबाई ते बघत उभी होती.

पण संशय एवढ्यानं जात नसतो. अंगठ्याचं कोडं सुटलं तरी बाईचं सुटेना. हौशीराम रोज जात होता, कारण वाडीसमोर मान डोलावली गेली होती. ती रोज अंगणात उभी राहायची, थंडीत शाल गुंडाळून, कधी अर्धा तास, कधी जास्त. तिला यात काय मिळत होतं? ज्या माणसांनी चार लोकांत उभं करून विचारपूस केली त्यांच्या दारात रोज कोण येतं? काहीतरी असल्याशिवाय?

एकदा काम झाल्यावर त्यानं विचारलंच. "बाई, खरं सांगा. तुमचा ह्यात काय फायदा?"

"पाठ धरते माझी," ती म्हणाली. "हा फायदा."

"तसं न्हाई. मी खरंच इचारतो."

रतनबाई अंगणातल्या दगडावर टेकली. "आमच्या येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते. लहानपणापासून दर वर्षी ऐकते, उपाशी माणसाला जेवू घाला, आजाऱ्याला भेटा, ते तुम्ही मलाच केलं असं समजा. ऐकून ऐकून कान किटले. शांतवन म्हणाले, रविवारी लोकल पकडून देहूरोडला जायचं, ऐकायचं आणि परत यायचं, मधल्या सहा दिवसांत काय? म्हटलं, करून बघावं."

"मंग काय झालं करून?"

"अजून करतेच आहे. झालं की सांगते."

हौशीरामला हे उत्तर पटलं नाही. असं कुणी करत नाही, तो मनाशी म्हणाला. जेवताना त्यानं नंदाबाईला सांगितलं तेव्हा तीही म्हणाली, असं कुणी करत न्हाई.

पौष सरत आला. खड्डा कडेनं भरत होता, हे हौशीरामला रोज दिसत होतं. आता त्याला सांगावं लागत नसे, तोच झडपेतून सांगायचा, "आज पिवळं न्हाई," आणि बाहेरून "देवाची कृपा" असं यायचं. भिमाजी मात्र बोलत नव्हता. बोलायचा तो शालूबाईशी, ते पण तोंड फिरवून. हौशीराम हात लावायचा तेव्हा त्याचं अंग ताठ व्हायचं, आणि तो हौशीरामच्या हातांवर नजर ठेवून असायचा.

मग संदेश आला. हौशीराम खाचराच्या बांधावर एकटाच होता. गाडी रस्त्याला लावून संदेश त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"तात्या, तुमी आता रोज आत जाता," तो म्हणाला. "तुमच्यावर आबाचा इस्वास बसला असंल."

"बोलत बी न्हाई माज्याशी."

"बोलायला कशाला पायजे? एका संमतीच्या कागदावर त्यांचा अंगठा घ्यायचा. हापिसातलं पुढचं मी बगतो. रस्त्याकडची पट्टी माझ्या पार्टीला, मागचं सगळं तुमच्या नावावर. तसं बी शेवटी तुमाकडंच येनार, मंग आत्ता आलं तर काय बिगडलं? आन त्या घरात सगळ्यांच्याच हाताला जांभळं लागलेलं असतंय. कुनाच्या ध्यानात बी येनार न्हाई."

हौशीराम समोर बघत राहिला. रस्त्यापलीकडं एका बंगल्याच्या हिरवळीला पाणी चाललं होतं.

"बघू," तो म्हणाला.

संदेश गेल्यावर त्याला जाणवलं, आपण नाही म्हटलं नाही. रतनबाई जे करत असेल म्हणून तो महिनाभर ओट्यावर बसून डोळे ताणत होता, ते असं होतं. सोपं. घरच्या माणसानं करायचं काम. बाहेरच्या बाईला ते जमलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा गेला. पाठ धुवून झाली, पट्टी झाली. मग तो भिमाजीचा हात धुवायला लागला. बोटं, तळवा, मग अंगठा. त्या अंगठ्यावर त्याचा हात जरा जास्त वेळ राहिला असावा.

"कागूद कवा काडनार?" भिमाजी म्हणाला.

इतक्या वर्षांनी भाऊ त्याच्याशी बोलला तो हे.

"कसला कागूद?"

"तू आल्यापास्नं वाट बगतोय मी. रोज हात धुतोस, पुसतोस. म्हनलं, आज काडंल, उद्या काडंल."

हौशीरामचे हात तिथंच थांबले. "असं वाटत हुतं, तरी मला हात लावू दिलास?"

"मी कुटं पळून जानार हुतो?"

शालूबाई चुलीपाशी बसली होती, ती उठली नाही. बाहेर रतनबाईला सगळं ऐकू जात असणार.

"कागूद न्हाई माज्याकडं," हौशीराम म्हणाला.

"मंग कशापायी येतोस?"

वाडीनं सांगितलं म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण वाडी केव्हाच विसरली होती. महिन्यात कुणी विचारायलाही आलं नव्हतं. तो भिमाजीचा ओला हात मांडीवर धरून बसून राहिला.

"पाणी गार होतंय, भाऊ," झडपेतून आवाज आला.

त्यानं हात पुसला. मग खाटेच्या कडेला बसून त्यानं भिमाजीला सांगितलं. संदेश काल आला होता, असं असं म्हणाला. पट्टी, मागचा भाग, अंगठा, सगळं.

"तू काय म्हनलास?"

"बघू म्हनलं."

भिमाजी आढ्याकडं बघत राहिला. "आन आता?"

"आता न्हाई म्हनतो."

भिमाजीचं अंग अजून ताठच होतं. भावानं खरं सांगितलं म्हणून मन लगेच मोकळं होतं असं नाही, उलट आपण घाबरत होतो ते खोटं नव्हतं हे त्याला आता कळलं होतं. शेवटी तो म्हणाला, "उद्या जरा लवकर ये. उनं वर आल्यावर पाठ लय चुरचुरती."

हौशीराम दारात आला. "बाई, आत या. माझ्यानं एकट्यानं खांदा उचलवत न्हाई नीट."

"पाटलांनी मना केलंय."

"मना करायला मीच लावलं हुतं."

"मग तुम्हीच त्यांना सांगून या. मला चोरून आत यायचं नाही, भाऊ. चोरून आले तर पुन्हा दार लावावं लागेल."

जानूभाऊंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. भिमाजीनं बोलावलंय का, शालूबाईची हरकत नाही ना, उद्या काही झालं तर. शेवटी म्हणाले, "तुज्या जिम्म्यावर. आन दार उगडं पायजे." नंदाबाईचं एक जुनं लुगडं हौशीरामनं खाटेपुढं दोरीवर टाकलं, आणि दार उघडं राहिलं.

संदेशला त्यानं रस्त्यातच गाठून नकार दिला. संदेश हसला. "तुमाला बी बाटवलं का काय, तात्या?" म्हणाला आणि गाडीत बसला.

आठ दिवसांत ते वाडीभर झालं. हौशीराम ख्रिस्ती झाला. रविवारी तो लोकलनं देहूरोडला जातो. कुणी म्हणे त्याला बंगल्यात खोली मिळणार आहे, कुणी म्हणे त्याच्या पोराला, सार्थकला, शेठकडं नोकरी. होळीच्या आधी देहूरोडच्या चर्चमधून टेम्पोत घालून एक चाकाची खुर्ची आली, कुणा मयत म्हाताऱ्याची, तेव्हा तर बोलायलाच नको. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात चर्चचं नाव होतं. वाडीतली दोन पोरं येऊन म्हणाली, ते नाव खरवडून टाका.

"खरवडा की," रतनबाई म्हणाली. "नाव गेलं तरी चाकं फिरतील."

पोरं नाव खरवडायला वाकली. खुर्चीत बसलेला भिमाजी कितीतरी महिन्यांनी अंगणातल्या उन्हात आला होता. तो म्हणाला, "मी बसलोय की रं. मला खाली उतरवून खरवडनार का?" त्याला उतरवायचं म्हणजे उचलायचं, आणि उचलायला दोघांपैकी कुणी पुढं होईना. नाव तसंच राहिलं.

त्या दुपारी नंदाबाई नळावरून आली ती कळशी न भरताच.

"खरं सांगा," ती म्हणाली. "तुमी नाव बदललंय का?"

"न्हाई."

"तिनं कवा म्हनलं का, बदल म्हनून?"

"न्हाई. एकदा बी न्हाई."

"मंग लोकं का म्हनत्यात?"

हौशीराम चपला घालत होता. संध्याकाळी भिमाजीची कूस बदलायची वेळ झाली होती. "मी बी तेच म्हनत हुतो की," तो म्हणाला. "तू बी."

नंदाबाईचा विश्वास बसला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. इतके दिवस नवरा सकाळ-संध्याकाळ त्या घरात जातो, दोन-दोन तास असतो, आणि नुसत्या चिंध्या धुतो? तिनं पदर खोचला.

"मी बी येते आज," ती म्हणाली. "बगते तरी काय चालतंय तितं."

"चल."

कुंपणाला वळसा घालून दोघं गेली. दार उघडं होतं. लुगड्यामागं रतनबाई भिमाजीच्या पायांना तेल चोळत होती, शालूबाई दिवा पुसत होती. नंदाबाई दारातच थांबली. तिची नजर कोनाड्यावर गेली, खाटेखाली गेली, त्या कापडी पिशवीवर गेली. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत कापूस, पट्ट्या, एक कंगवा आणि अर्धवट सोललेली लसूण होती.

रतनबाईनं वर बघितलं. "आलात का, नंदाताई. या."

"मी नुसती बगायला आले," नंदाबाई म्हणाली.

"बघा की. पण माझे हात तेलकट आहेत, तेवढी उशी त्यांच्या गुडघ्यांमधे सरकवता का? हाडाला हाड घासतं."

नंदाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. मग ती आत आली, उशी उचलली, आणि कुठं नि कशी ठेवायची ते विचारायला लागली.